बाजाराची पावती कोण ठरवतं?



आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आठवड्यातून एकदा तालुक्याच्या बाजारात बसतात. कुणाची मेथी-कोथिंबीर, कुणाची गावरान अंडी, कुणाच्या पापड-कुरडया. सकाळी एसटीतून किंवा टमटममधून टोपली उतरवायची, पोतं अंथरायचं, आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत पावतीवाला हजर. मागच्या वेळेपेक्षा पाच रुपये जास्त मागितले तर आपण विचारतो, "का हो दादा?" तो म्हणतो, "रेट वाढला." झालं, संपलं बोलणं. कुणी वाढवला, कुठल्या दिवशी, किती मुदतीसाठी, हे विचारायची आपल्याला सवय नाही. सांगायची त्यालाही नाही.

आज त्या रेटबद्दल बोलू या. नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका आपल्या सेवांचे दर कसे ठरवतात आणि कसे वाढवतात, याबद्दल. हा विषय शहरातल्या लोकांचा आहे असं वाटेल. पण शहराला पैसे देणाऱ्यांत आपणही आहोत. आपण फक्त तिथले मतदार नाही. या फरकाकडे पुढे येऊच.

आधी दोन शब्द वेगळे करू. कर आणि फी. घरपट्टी हा कर आहे. तो सगळ्या गावाच्या, सगळ्या शहराच्या कारभारासाठी असतो. "मी घरपट्टी भरली, म्हणून माझ्याच दारासमोर दिवा लावा" असं म्हणता येत नाही. फीचं तसं नाही. फी ठरावीक सेवेसाठी असते. दाखला काढला, त्याची फी. बाजारात जागा वापरली, त्याची फी. सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक समजावून सांगितला होता : जो फी घेतो त्यानं बदल्यात काही द्यायला हवं. पुढच्या निकालांत न्यायालयानं असंही म्हटलं, की घेतलेला पैसा आणि दिलेली सेवा पै-पैशानं जुळलीच पाहिजे असं नाही. पण संबंध मात्र दिसला पाहिजे. म्हणजे बाजाराच्या पावतीचे पैसे घेणाऱ्याला "इथं प्यायला पाणी कुठं आहे? बायकांसाठी संडास-मुतारी कुठं आहे? बाजार उठल्यावर कचरा कोण उचलतं?" हे विचारणं हा आगाऊपणा नाही. आपण दर आठवड्याला त्याचेच पैसे देतो.

आता हे दर ठरवायचा अधिकार येतो कुठून? राज्यघटनेतली ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यात म्हटलं आहे, की कोणते कर आणि कोणत्या फी शहरांनी घ्यायच्या ते राज्यानं कायदा करून सांगावं. आपल्याकडे नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा कायदा १९६५ चा, महापालिकांचा १९४९ चा, आणि मुंबईचा तर थेट १८८८ चा. या कायद्यांत जे बसतं तेवढंच शहराला घेता येतं. उद्या नगराध्यक्षांच्या मनात आलं आणि त्यांनी डोक्यावरच्या टोपलीवर पट्टी बसवली, असं चालत नाही.

दर ठरतो सभेत, ठरावानं. आधी संबंधित विभाग प्रस्ताव तयार करतो : गेल्या वर्षी खर्च किती झाला, वसुली किती झाली, थकबाकी किती, शेजारच्या शहरात दर काय आहे. मुख्याधिकारी किंवा आयुक्त तो समितीपुढे ठेवतात, मग तो सभेत येतो. या सगळ्याला एक हंगाम असतो, जसा पेरणीला असतो. महापालिकांच्या कायद्यात तर तारीखच आहे : पुढच्या वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे. नगरपरिषदांतही अंदाजपत्रकाची धावपळ जानेवारी-फेब्रुवारीतच असते, कारण १ एप्रिलला नवं वर्ष लागतं. आपण तक्रार करतो एप्रिलमध्ये, पावती हातात आल्यावर. तोवर ठराव होऊन गेलेला असतो आणि साहेब म्हणतात, "आता पुढच्या वर्षी बघू." म्हणून अर्ज द्यायचा तर डिसेंबरात. संक्रांतीचं वाण लुटायच्या आधी हे काम उरकायचं.

घरपट्टीचं वेळापत्रक वेगळं आहे. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी नव्यानं आकारणी होते, यादी लागते, हरकती मागवतात, सुनावणी होते. तुमच्यापैकी कुणाचं तालुक्याच्या गावी घर असेल, तर ती यादी लागल्यावर हरकतीची मुदत चुकवू नका. मुदत गेल्यावर भांडण फार महाग पडतं.

दर वाढवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे वर्षानुवर्षं हात लावायचा नाही. निवडणूक आली की नको, दुष्काळ आहे म्हणून नको, सण आहे म्हणून नको. मग एक दिवस तिजोरीत खडखडाट होतो, पाणी उपसायच्या मोटारींचं वीजबिल थकतं आणि एकदम दुप्पट वाढ येते. दुसरी तऱ्हा म्हणजे दरवर्षी थोडं थोडं वाढवायचं, आणि वाढीची मर्यादा आधीच लिहून ठेवायची. आमचं मत दुसऱ्या तऱ्हेच्या बाजूनं आहे, हे सांगून टाकतो. बचतगटात आपण हेच शिकलो ना? महिन्याला शंभर रुपये जड जात नाहीत, वर्षाचे बाराशे एकदम मागितले तर जातात.

दुसऱ्या तऱ्हेचं उदाहरण मुंबईच्या पाण्याचं. ते मुद्दाम घेतो, कारण तिथले दर उघड छापून येतात, आणि ते पाणी आपल्यासारख्याच गावांच्या शिवारातून जातं. तानसा आणि भातसा ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेला लागतात. ते दुःख वेगळं, त्यावर कधी स्वतंत्र बोलू.

मुंबई महापालिकेनं २०१२ साली एक धोरण ठरवलं. पाणी आणायचा खर्च म्हणजे कामगारांचा पगार, वीज, शुद्धीकरण, सरकारी धरणातल्या पाण्याचे पैसे. तो जसा वाढेल तशी पाणीपट्टी दरवर्षी १६ जूनपासून वाढवायची, पण ८ टक्क्यांच्या वर जायचं नाही. हा अधिकार आयुक्तांना दिला. २०२० साली करोनामुळे वाढ झाली नाही. २०२२ साली ७.१२ टक्के वाढ झाली. तेव्हाचे दर हजार लिटरला असे होते : झोपडपट्टी आणि कोळीवाड्यांत ४ रुपये ९३ पैशांचे ५ रुपये २८ पैसे झाले. इमारतीतल्या घरांना ६ रुपये ३६ पैसे. दुकानं-व्यवसायांना ४७ रुपये ७५ पैसे. मोठ्या तारांकित हॉटेलांना ९५ रुपये ४९ पैसे. आणि बाटलीबंद पाणी, थंड पेयं बनवणाऱ्यांना १३२ रुपये ६४ पैसे.

हजार लिटर म्हणजे आपले पन्नास-साठ हंडे. झोपडीतल्या बाईला सरकारी दरानं एक हंडा साधारण दहा पैशांना पडतो आणि बाटली भरून विकणाऱ्या कारखान्याला त्याच्या पंचवीसपट. पाणी तेच, नळ तोच, पण ज्याला परवडतं आणि जो त्यातून नफा कमावतो त्याच्याकडून जास्त घ्यायचं. अशी पायरी लावली की गरिबाचा दर खाली ठेवता येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, बाजाराच्या पावतीत तिचं काम पडणार आहे.

पण कागदावरचा दर आणि हातातून जाणारा पैसा एकच असतो असं नाही. मुंबईत कितीतरी वर्षं २००० सालानंतरच्या झोपड्यांना नळजोडणीच मिळत नव्हती. आपल्यातल्या कुणाचे दीर-जाऊ, कुणाची लेकरं अशा वस्त्यांत राहिलेली आहेत. त्यांनी आम्हाला सांगितलं आहे, पाणी कॅननं विकत घ्यावं लागायचं. पाच रुपयांचा दर त्यांच्या कामाचाच नव्हता. १५ डिसेंबर २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की झोपडी बेकायदेशीर असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, धोरण करा. हवं तर दर थोडा जास्त ठेवा, असंही म्हटलं. 'सर्वांसाठी पाणी' हे महापालिकेचं धोरण यायला २०२२ चा मे महिना उजाडला.

आणि एक. २०२२ पासून आपल्या राज्यातल्या पुष्कळ शहरांत निवडणुका लांबल्या. नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मुंबईत ही मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. अशा काळात प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी असतो. सभेत उठून "हे जास्त होतंय" म्हणणारं कुणी नसतं. अधिकारी चांगला असेलही, पण प्रश्न विचारायला समोर माणूस तर हवा.

आता आपल्या बाजाराकडे वळू. पावतीवाला बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचा नोकर नसतो. बाजार वसुलीचा ठेका दिलेला असतो. त्याची निविदा निघते किंवा लिलाव होतो, जास्त बोली लावील त्याला बहुधा वर्षाचा ठेका मिळतो. तो नगरपालिकेला ठरलेली रक्कम देतो आणि बाजारातून वसूल झालेला पैसा त्याचा. नगरपालिकेची डोकेदुखी वाचते, एकरकमी पैसा मिळतो. म्हणून ही पद्धत टिकली आहे.

एक हिशेब करून बघू. आकडे समजा म्हणून घेतले आहेत. ठेका गेला दहा लाखांना. वर्षात ५२ बाजार. म्हणजे ठेकेदाराला एका बाजारातून १९ हजार २०० रुपयांच्या वर काढलेच पाहिजेत, तेव्हा कुठं त्याची भरपाई होते. बाजारात ६०० जण बसत असतील, तर माणशी ३२ रुपये. सभेनं मंजूर केलेला दर मात्र २० रुपये. वीस रुपयांनी ६०० जणांचे १२ हजार होतात, वर्षाचे सव्वासहा लाखाच्या आत. मग वरचे पावणेचार लाख आणि त्याच्या पोरांचा पगार कुठून येणार? मोठ्या गाळेवाल्यांचा दर जास्त असेल तर थोडी भर पडेल. नाहीतर दोनच वाटा. वीसऐवजी तीस-चाळीस घ्यायचे, किंवा एका टोपलीच्या दोन जागा मोजायच्या. आपण पावतीवाल्या पोराशी भांडतो, त्याला शिव्या घालतो. खरं तर दर वाढला तो लिलावाच्या दिवशी, बंद खोलीत, आणि त्यासाठी सभेचा ठरावसुद्धा लागला नाही. म्हणून लिलावाची रक्कम कळणं हे दर कळण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

यात कुणाला जास्त लागतं तेही बघा. सरसकट वीस रुपये म्हटलं, की टेम्पो भरून कांदा आणणाऱ्यालाही वीस आणि तीनशे रुपयांची कोथिंबीर घेऊन बसलेल्या म्हातारीलाही वीस. तिची विक्रीच तीनशेची. त्यातून भाडं गेलं, पावती गेली, चहा गेला. मुंबईच्या पाण्यासारखी पायरी इथंही लावता येते : जागेच्या मापानं दर ठेवायचा. पोत्यावर बसणाऱ्याला एक, हातगाडीला दुसरा, टेम्पोला तिसरा. काही ठिकाणी तसे दर कागदावर असतातही. वसुली मात्र सरसकट होते, कारण मापं घेत कोण बसणार!

मघाशी म्हटलं तो मतदारांचा मुद्दा इथं येतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ च्या जानेवारीत माफ करायचं ठरलं. महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली होती. घरवाल्यांना मत आहे, म्हणून त्यांचं ऐकलं गेलं. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांचं नाव मात्र गावच्या यादीत असतं. त्या शहराचा एकही नगरसेवक आपल्या दारी मत मागायला येत नाही. त्यामुळे आपली पावती वाढवली तर त्याचं मत कमी होत नाही. शहरातल्या माणसाची घरपट्टी वाढवण्यापेक्षा खेड्यातून आलेल्या बाईची पावती वाढवणं कुणालाही सोपं जातं. याला कुणी मुद्दाम केलेला अन्याय म्हणायची गरज नाही, पण होतं असं.

त्यात अजून एक बदल झाला, तो आपल्या फारसा ध्यानात आला नाही. २०१४ च्या सुमारास राज्यानं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायला घेतल्या. पूर्वी बाजार ग्रामपंचायतीचा होता. ग्रामपंचायतींसाठी १९६० चे कर आणि फीचे नियम आहेत आणि तिथं ग्रामसभा असते. त्या गावातली एखादी मावशी, एखादी नणंद ग्रामसभेत उभी राहून आपल्यासाठी बोलू शकत होती. नगरपंचायत झाली आणि ग्रामसभा गेली. बाजार तिथंच भरतो, बसणाऱ्या बायका त्याच, पण विचारायची जागा नाहीशी झाली.

मग आपल्या हातात काय राहिलं? पुष्कळ राहिलं आहे.

२०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात शहरानं पथविक्रेत्यांची समिती नेमायची असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. पाच वर्षांतून एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं असतं. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या आपल्या बायकांची नोंद त्यात घेतली का, हे विचारा. "तुम्ही गावच्या, तुमचा काय संबंध?" असं कुणी म्हणालं, तर पीएम स्वनिधी योजनेचं नाव घ्या. २०२० च्या जूनमध्ये सुरू झालेल्या त्या कर्जयोजनेत आजूबाजूच्या खेड्यांतून येऊन शहराच्या हद्दीत विकणाऱ्यांनाही सरकारनं धरलं आहे. कर्जासाठी आपण शहराचे विक्रेते, तर दर ठरवताना परके कसे?

आमच्या प्रभागसंघानं एका नगरपालिकेला पत्र दिलं होतं. तीन मागण्या होत्या. दराचा फलक बाजाराच्या तोंडाशी लावा. छापील रकमेचीच पावती द्या. बायकांसाठीची मुतारी बाजारच्या दिवशी उघडी ठेवा. पहिल्या खेपेला पत्र घेतलंच नाही. दुसऱ्या खेपेला अकरा जणी गेलो, पोच मिळाली. दोन महिन्यांनी फलक लागला. पावतीवर रक्कम छापून यायला लागली, आणि त्यातून कळलं की आपण इतके दिवस देत होतो त्यापेक्षा मंजूर दर पाच रुपयांनी कमी आहे. मुतारीला अजून कुलूपच आहे. किल्ली आरोग्य विभागाकडे की ठेकेदाराकडे, यावर त्यांचं पत्रापत्री चालू आहे. दुपारी तीन वाजेपर्यंत बायका पाणी पीत नाहीत, हे आम्ही पत्रात लिहिलं होतं. लिहिताना आमच्यातल्या एकीला लाज वाटली, पण ते वाक्य आम्ही काढलं नाही.

पत्रानं काम झालं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्याची प्रत जोडायची, मग तेही लागत नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत, असा नियम आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. एवढंच मागा : आठवडी बाजाराच्या फीचा चालू दर ज्या ठरावानं ठरला त्याचा क्रमांक, तारीख आणि प्रत, बाजार वसुलीचा ठेका किती रकमेला, कुठल्या मुदतीसाठी दिला, आणि ठेक्याच्या करारनाम्याची प्रत. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

करारनामा हातात आला की तो मुलीकडून, सुनेकडून मोठ्यानं वाचून घ्या. त्यात बहुधा दरपत्रक जोडलेलं असतं, आणि जादा वसुली केली तर ठेकेदारावर काय कारवाई करायची तेही लिहिलेलं असतं. ती ओळ लाल पेनानं अधोरेखित करून ठेवा. जादा घेतलेल्या पावत्या टाकून देऊ नका, गटाच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. पावती न देता पैसे घेतले तर त्या दिवसाची नोंद गटाच्या वहीत करा, शेजारच्या विक्रेतीच्या सहीसकट.

हे सगळं घेऊन लोकशाही दिनाला जाता येतं. तालुक्याला तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो. अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यायचा, आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. त्या सोमवारी बाजार असेल तर टोपलीपाशी दोघी बसा, कचेरीत चौघी जा.